दिसायला पाहिजे तसं

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल चाललं होतं. ज्वारीच्या कोवळ्या धाटाचा आडवा छेद घ्यायचा, सॅफ्रॅनीनमध्ये रंगवायचा, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून वर कव्हरस्लिप टाकायची आणि मायक्रोस्कोपखाली दिसेल त्याची आकृती जर्नलात काढायची. टेबलांमधून फिरता फिरता एका मुलीच्या जर्नलपाशी थांबले. आकृती देखणी होती. बाहेरची साल, तिच्या आतला जाड पेशींचा पट्टा, मग विखुरलेले वाहिन्यांचे पुंजके, आणि प्रत्येक पुंजक्यात डोळ्यांसारखी दोन मोठी भोकं. रेघ कुठं थरथरलेली नाही, नावांचे बाण सगळे एका ओळीत. कौतुकानं तिच्या मायक्रोस्कोपला डोळा लावला, तर खाली भलतंच. छेद फाटलेला, अर्धा भाग गायब, उरलेला इतका जाड की नुसता लालभडक गिचका. "अगं, हे तुला कुठं दिसलं?" मी विचारलं. ती ना गोंधळली, ना ओशाळली. शांतपणे म्हणाली, "मॅडम, दिसायला पाहिजे तसं काढलंय."

तिला दुसरं धाट दिलं, छेद पुन्हा घ्यायला लावला आणि मी पुढच्या टेबलाकडं गेले. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. संध्याकाळी भाकरी थापतानाही तेच. ती लबाडी करत नव्हती. लबाडी करणारं लेकरू वही झाकतं, नजर चुकवतं. हिनं तर मला विश्वासानं खरं सांगितलं होतं. पहिलीपासून आजवर जे दिसायला पाहिजे ते लिहिल्यावर तिला मार्क मिळाले होते. फुलाची आकृती फूल न बघता, नदीचा नकाशा नदी न बघता, प्रयोगाचं अनुमान प्रयोग न करता. मग ज्वारीचं धाट तरी बघून काढावं, असं तिला कशाला वाटेल? आणि हे ज्वारीच्या मुलखात. हिच्या घरी अंगणात कडब्याची गंजी असणार, लहानपणी तिनं हिरवी धाटं चघळलेली असणार. हाताला, जिभेला जे इतकं ओळखीचं, ते डोळ्यांखाली आलं तेव्हा मात्र तिनं पुस्तकातलं काढलं.

लातूरकरांना ट्युशन एरिया काय सांगायचा. पहाटे अभ्यासिकेबाहेर लागलेल्या सायकली, मेसच्या डब्यातलं पातळ वरण, कॉट बेसिसच्या खोलीत उशाशी चिकटवलेली सूत्रं. माझ्याकडं येणारी निम्मीअधिक लेकरं याच वाटेनं आलेली असतात. मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेत हुकलं, एक वर्ष रिपीट केलं, तेही हुकलं, मग बी.एस्सी. नीट म्हणजे १८० प्रश्न, ७२० मार्क, एका प्रश्नाला जेमतेम मिनिट. डोळ्याला सवय लागते ती प्रश्नावरून थेट पर्यायावर जायची. चित्र दिसलं की नाव आठवायचं. चित्रात काय आहे ते बघत बसायला सवड कुणाला? या सवयीला मी नावं ठेवणार नाही. तिच्या जोरावर रेणापूर, चाकूर, अहमदपूरकडची साध्या घरांतली लेकरं डॉक्टर झाली आहेत आणि त्यांच्यातलं कुणी रस्त्यात भेटून पाया पडायला वाकलं की माझा ऊर भरून येतो. पण ज्यांना ते दार उघडलं नाही, ती लेकरं तीच सवय घेऊन माझ्या लॅबमध्ये येतात, आणि इथं तर बघण्यावाचून काही चालतच नाही.

त्याच सुमारास आमच्या विभागातली एक तरुण प्राध्यापिका इगतपुरीहून दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आली. चहा घेता घेता सांगत होती. पहिले तीन दिवस दुसरं काही नाही, फक्त श्वास. नाकाच्या खाली, वरच्या ओठाच्या वर, तेवढ्याच जागेत तो येताना-जाताना कळतो का ते बघायचं. लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड. डाव्या नाकपुडीतून येत असेल तर डाव्या. हा प्राणायाम नव्हे, श्वासाला वळण लावायचं नाही. मग ती म्हणाली, "गुरुजी सारखं सांगतात, जसा आहे तसा बघा. जसा असायला पाहिजे असं वाटतं, तसा नाही."

मी कप खाली ठेवला. मला त्या मुलीचं जर्नल दिसायला लागलं.

हे गुरुजी म्हणजे सत्यनारायण गोएंका. ते ब्रह्मदेशात ऊ बा खिन या गुरूंकडं ही साधना शिकले, १९६९ साली भारतात घेऊन आले, आणि आता आपल्या राज्यातल्या शाळांतही 'मित्र' उपक्रमातून आनापान, म्हणजे हे श्वास बघणं, पोचलं आहे. माझ्या काही विद्यार्थ्यांनी ते लहानपणी केलेलंही होतं. विचारलं तर म्हणाले, "हो मॅडम, परिपाठाच्या वेळेला डोळे मिटून बसायचो." काय बघायचो, ते मात्र कुणाला आठवत नव्हतं. शाळेत ते शांत बसवायला वापरलं गेलं असावं. पन्नास-साठ लेकरांच्या वर्गात तसं होणारच, त्यात शिक्षकाला बोल लावण्यात अर्थ नाही. पण मला शांतता नको होती. मला या मुलांनी बघावं असं वाटत होतं. मग आम्ही दोघींनी मिळून प्रॅक्टिकलच्या आधीची दहा मिनिटं घ्यायचं ठरवलं. सक्ती नाही. ज्याला नको त्यानं लॅब सांभाळणाऱ्या मामांना स्लाईडी पुसायला मदत करावी.

लॅबमधल्या उंच स्टुलांवर मांडी घालता येत नाही, म्हणून पाय सोडून, पाठ ताठ, हात टेबलावर. मार्चचं ऊन पत्र्यावर तापलेलं. कपाटातल्या फॉर्मेलिनचा नाकात बसणारा वास, पंख्याची करकर, खालच्या रस्त्यावरून निलंग्याच्या एसटीचा हॉर्न. पहिले काही दिवस डोळे मिटलेल्या चेहऱ्यांवर नुसती चुळबुळ. दहा मिनिटं संपली की सगळ्यांची एकच तक्रार. "मॅडम, ध्यान लागंना." एक मुलगा तर काकुळतीला येऊन म्हणाला, "डोळे मिटले की डोक्यात रील चालू होतंय. एक संपलं की दुसरं. मला येत नाही हे, मला बाहेर बसू द्या." मी त्याला विचारलं, रील चालू आहे हे तुला कधी कळलं? तो म्हणाला, मधेच कळलं, तिसऱ्या-चौथ्या रीलला. मी म्हटलं, कळलं ना? तेवढंच पाहिजे होतं.

हे त्याची समजूत काढायला म्हटलं नव्हतं. अमेरिकेत एमरी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सराव असलेल्या १४ साधकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवलं, श्वासाकडं लक्ष द्यायला सांगितलं, आणि मन भरकटलंय हे ज्या क्षणी ध्यानात येईल त्या क्षणी बटन दाबायला सांगितलं. त्या बटनाच्या मागं-पुढं मेंदूत काय चालतं ते तपासलं. मन भटकतं तेव्हा मेंदूची एक यंत्रणा चालू असते, भटकल्याचं कळतं तेव्हा दुसरी जागी होते, आणि श्वासाकडं वळताना तिसरी कामाला लागते. म्हणजे सराव असलेल्यांचंही मन भटकतंच. त्यांना बटन दाबता येतं, एवढंच. आमच्या रीलवाल्या मुलानं तिसऱ्या रीलला बटन दाबलं होतं. पुढं तो पहिल्याच रीलला दाबू लागला. मला त्याच्यात जो फरक दिसला तो इतकाच, आणि मला तो लहान वाटत नाही.

वाचण्याचंही तेच आहे. डोळे ओळीवरून फिरत राहतात, पान उलटलं जातं, आणि काय वाचलं ते आठवत नाही. सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ४८ विद्यार्थ्यांवर झालेला अभ्यास २०१३ साली छापून आला. एका गटाला दोन आठवडे सजगतेचं, म्हणजे आत्ता जे आहे त्याकडं लक्ष ठेवायच्या ध्यानाचं शिक्षण, दुसऱ्याला तेवढेच दिवस आहारशास्त्राचे धडे. दोन आठवड्यांनी ध्यानाच्या गटाचं उताऱ्याचं आकलन सुधारलं, एकाच वेळी चार गोष्टी मनात धरून ठेवायची ताकदही वाढली, आणि मधेच भरकटणं कमी झालं. जास्त फायदा झाला तो ज्यांचं मन आधी जास्त भटकत होतं त्यांना. हे वाचून मी हरखून गेले होते. पण पुढं २०२२ मध्ये ब्रिटनमधला मोठा अभ्यास आला, ८५ शाळांतली आठ हजारांवर मुलं. तिथं शाळेत शिकवलेल्या सजगतेच्या तासांचा नेहमीच्या शिकवण्यापेक्षा जास्त उपयोग दिसला नाही. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता. मला दोन्ही अभ्यास पटतात. तास घेतला म्हणून मन घडत नाही. आणि मूल वयानं किती, स्वतःहून बसलंय की बसवलंय, यावर पुष्कळ अवलंबून असतं. म्हणून एका पालकानं जेव्हा हात जोडून विचारलं, "मॅडम, ह्या ध्यानानं नीटचे मार्क वाढतील का? धाकट्यालाबी बसवतो," तेव्हा मी त्यांना हो म्हटलं नाही. म्हटलं, त्याला परीक्षेच्या दिवसांत थोडं हलकं वाटेल. केंब्रिज विद्यापीठातल्या ६१६ विद्यार्थ्यांमध्ये तसं दिसलंही आहे, आठ आठवड्यांच्या शिक्षणानं परीक्षेच्या काळातला ताण कमी झाला होता. मार्कांचं वचन मी देऊ शकत नाही. ते थोडे हिरमुसले. कर्ज काढून ट्युशन लावलेल्या बापाला दुसरं काय विचारावंसं वाटणार?

लक्ष ही गोष्ट नुसती वाढली म्हणजे चांगलं, असंही मला म्हणवत नाही. आमचं गाव औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ला मी शाळेत होते. विसर्जन करून सगळे उशिरा झोपलेले, आणि पहाटे चारच्या आत जमीन हलली. भूकंपात किल्लारीसारखं आमचं गाव भुईसपाट झालं नाही, भिंती तडकल्या, माणसं वाचली. पण पुढं कितीतरी महिने आमच्या घरात कुणाचं लक्ष म्हणून विचलित होत नसे. रस्त्यानं ट्रक गेला की आजी उठून बसायची. तांब्यातलं पाणी हललं तर सगळ्यांच्या नजरा तांब्यावर. वडील पत्र्याच्या शेडखाली बाजेवर पडून रात्रभर जमिनीचा कानोसा घ्यायचे. इतकं एकाग्र माणूस मी परत पाहिलेलं नाही, आणि इतकं दमलेलंही. त्या दिवसांत ते विचार करू शकत नसत. बी कोणतं घ्यायचं, विहिरीचं काय करायचं, साधं काही ठरवता येत नव्हतं. भीतीनं बांधलेलं लक्ष एकाच जागी खिळतं. तिथून त्याला उठता येत नाही, वळता येत नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी माझ्या विद्यार्थ्यांचे चेहरे बघते तेव्हा मला बाजेवरचे वडील आठवतात. या लेकरांना आणखी लक्ष द्या म्हणून सांगण्यात काही हशील नाही. ती देतच आहेत, जिवाच्या आकांतानं.

एक मुलगा रोज स्लाईडी पुसायला जायचा. कधीच बसला नाही. एकदा मामा रजेवर होते तेव्हा म्हणाला, "मॅडम, डोळे मिटले की पप्पाच दिसतेत." मला त्याच्या घरचं माहीत होतं. सोयाबीन, बँक, फवारणीचं औषध. मराठवाड्यात यापुढं वाक्य पुरं करावं लागत नाही. मी त्याला म्हटलं, डोळे मिटू नकोस. उघडेच ठेव, खिडकीतून कडुलिंब दिसतोय, त्याची हलणारी फांदी बघत बस. वाटलं तर बस, नाहीतर स्लाईडी आहेतच. ध्यानाबद्दल बोलणारी माणसं हे फार कमी सांगतात, आणि ते सांगायला हवं. आत बघायला लावलं की आत जे असेल ते दिसतं. ज्याच्या आत ताजी जखम आहे त्याला दहा मिनिटंसुद्धा जड जाऊ शकतात. आणि ज्याची काळजी खरी आहे, फी भरायची आहे, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, त्याला श्वासाकडं बघ म्हणून वाटेला लावणं हा तर अन्यायच. त्याच्या फीचं बघावं लागतं. त्या वर्षी आम्ही चार-पाच जणांनी मिळून ते बघितलं.

आमच्या भागात एकाग्रतेची एक गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ असते. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडं एकनाथ हिशोब लिहायला होते. एका पैचा ताळा लागेना, म्हणून रात्रभर दिवा लावून बसले, आणि पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैसाठी एवढा आनंद, तर संसाराची मोठी चूक सापडली तर केवढा होईल! आजी ही गोष्ट सांगायची ती रात्रभर जागण्यासाठी, म्हणजे आम्ही अभ्यासाला बसावं म्हणून. मला आता तिच्यातली दुसरीच जागा धरून ठेवते. नाथांना हिशोब जुळवून दाखवता आला असता. एक पै कुठंही घुसवली असती तर बेरीज दिसायला पाहिजे तशी दिसली असती, आणि कुणी विचारलंही नसतं. त्यांनी ती घुसवली नाही. जुळत नाही हे जसं आहे तसं समोर ठेवून ते बसले.

सहलीला संभाजीनगरला गेलो होतो, विद्यापीठाचं वनस्पती उद्यान बघायला, तेव्हा मागच्या डोंगरातल्या लेण्यांवरही मुलांना नेलं. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात बुद्धाच्या दोन्ही अंगांना गुडघे टेकून बसलेले स्त्री-पुरुष आहेत, जवळजवळ माणसाएवढे. फोटो काढून झाल्यावर मुलं निघाली होती. मी म्हटलं, पाच मिनिटं फक्त बघा, बोलू नका. थोड्या वेळानं एकीनं हळूच सांगितलं की प्रत्येकाची केसांची ठेवण वेगळी आहे. मग दुसऱ्याला दागिने दिसले, कुणाला हातातली माळ. दीड हजार वर्षांमागं कुणीतरी खरोखरची माणसं निरखून हे कोरलं, हे त्यांना माझ्या सांगण्याशिवाय कळलं. परतीच्या एसटीत नेहमीसारखी गाणी झाली, आणि मला ते बरंच वाटलं.

लॅबमध्ये मात्र हळूहळू काहीतरी हललं. छेद घेताना हात सावकाश झाले. ब्लेड ओलं करून एकाच ओढीत, श्वास सोडता सोडता कापायला लागले. पातळ छेद वॉच ग्लासमध्ये तरंगायला लागला की आपणहून "मॅडम, बघा ना" अशी हाक यायची. आणि रीलवाल्या त्या मुलानं एकदा मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता विचारलं, "मॅडम, कडेला पुंजके बारीक आणि दाट आहेत, आत मोठे आणि विरळ. असं का?" पुस्तकातल्या प्रत्येक आकृतीत हे असतं. इतक्या वर्षांत हजारो जर्नलांत मी ते तपासलं आहे आणि फार थोड्यांनी मला हे विचारलं. मी म्हटलं, तूच सांग. बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, वारा. धाट वाकतं तेव्हा सगळा ताण कडेवर येत असणार. आणि पुढचा प्रश्न त्यानं लगेच टाकला, जो कुठल्याच पुस्तकात नाही, त्याच्या शिवारातला आहे: "आमची मालदांडी ज्वारी वाऱ्यानं लोळती. शेजाऱ्याची परभणी मोती जातीची उभी ऱ्हायली. मग दोन्हीची कड वेगळी असंल का?" पुढच्या आठवड्यात तो दोन्हींची धाटं पिशवीत घालून घेऊन आला. चार जणांनी मिळून दोन दिवस छेद कापले, पुंजके मोजले, वाद घातले. निष्कर्ष निघावा इतके नमुने नव्हते, आणि तेही त्यांनीच लिहिलं.

हे ध्यानानं झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. दहा मिनिटं होती, फोन पिशवीत होते, घाई कमी होती, आणि प्रश्न विचारला तर कुणी तरी थांबून ऐकत होतं. यातलं कशानं किती झालं, हे वेगळं काढायला माझ्याकडं दुसरा गट नाही. पण विचार करणं म्हणतात त्याची सुरुवात तिथंच झाली, जिथं त्या मुलाला दिसायला पाहिजे त्याच्याऐवजी दिसतंय ते दिसलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

शंका आहे ती आमच्याबद्दल. वार्षिक प्रॅक्टिकलला त्या बॅचमधल्या एका मुलीनं फाटक्या छेदाची आकृती फाटकीच काढली आणि खाली प्रामाणिकपणे लिहिलं: उजवीकडचा भाग तुटला, दिसत नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिचे मार्क कापले. शेजारच्या टेबलावरच्या देखण्या आकृतीला पूर्ण मार्क पडले; तिथली स्लाईड कुणी पाहिलीच नाही. ती मुलगी बाहेर येऊन मला काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. दहा मिनिटं आहे तसं बघायला शिकवायचं आणि उरलेले तीन तास दिसायला पाहिजे त्याला मार्क द्यायचे, हे तिनं कसं समजून घ्यावं? मार्क कुठं पडतात तिकडं लेकरू वळतं. वळायलाच पाहिजे, त्याचं पोट त्यावर आहे. म्हणून अंतर्गत मूल्यमापनात, जे आमच्या हातात आहे त्यात, आम्ही पाच मार्क वेगळे काढले आहेत: आकृती आणि स्लाईड जुळते का, एवढ्यालाच. वार्षिक परीक्षेतही तसं व्हावं म्हणून अभ्यास मंडळाकडं पत्र दिलं आहे, आमच्या आणि शेजारच्या दोन कॉलेजांतल्या शिक्षकांच्या सह्या घेऊन. उत्तर आलेलं नाही. या आठवड्यात मी पुन्हा पाठवणार आहे, आणि या वेळी सोबत त्या मुलीच्या आकृतीची आणि तिच्या स्लाईडची छायाप्रत जोडणार आहे.